बूटएमजीआर इज मिसिंग

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच आलेलं असतं: बूटएमजीआर इज मिसिंग (म्हणजे विंडोज सुरू करून देणारी फाइल सापडत नाही), कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पुन्हा सुरू करा. बहुतेक जण ते दाबतात, तोच मजकूर पुन्हा येतो, मग पुन्हा दाबतात. आमच्या अण्णांनी सकाळपासून हेच चालवलं होतं. शेवटी मला फोन केला तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मी आज त्याला हातही लावलेला नाही."

ते खरंच होतं. हात लावला होता आदल्या संध्याकाळी.

हे विंडोज ७ च्या काळातलं आहे. घरच्या कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क होत्या. जुनी, एके काळी विंडोज एक्सपी असलेली, आता डी झालेली. आणि नवीन छोटी एसएसडी, म्हणजे सी, जिच्यावर विंडोज ७ टाकलं होतं. अण्णांचा विचार सरळ होता. एक्सपी आता कोणी वापरत नाही, मग डीवर त्याचा पसारा कशाला? त्यांनी डीवरचा जुना विंडोज फोल्डर काढला. मग लपवलेल्या फाइल्स दाखवायला सांगून एनटीएलडीआर, एनटीडिटेक्ट आणि बूट डॉट आयएनआय काढल्या. इथपर्यंत त्यांचं काहीही चुकलेलं नव्हतं. या तिन्ही फाइल्स एक्सपीच्याच, आणि एक्सपी गेल्यावर निरुपयोगी. त्याच रांगेत बूटएमजीआर नावाची, एक्स्टेन्शनसुद्धा नसलेली, चारेकशे केबीची फाइल होती. दिसायला तितकीच जुनाट. तीही गेली.

विंडोजने त्यांना अडवलं होतं, नाही असं नाही. या फाइलची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्या स्वतःच्या अंतर्गत खात्याकडे असते, ॲडमिनिस्ट्रेटरलाही ती सहज काढता येत नाही. पण भाच्याने कधीतरी गेमच्या फाइल्स बदलायला राइट क्लिकच्या मेनूत 'टेक ओनरशिप' घालून ठेवलं होतं. अण्णांनी ते वाचलं, आणि कॉम्प्युटर आपलाच आहे म्हणून मालकी घेतली. बूट नावाचा फोल्डरही ते काढायला निघाले होते. त्यातली डॅनिश, जर्मन, फिनिश अशी भाषांची फोल्डरं गेली ("मला कुठे फिनिश येतं?"), पण बीसीडी नावाच्या फाइलपाशी (कोणतं विंडोज कुठून सुरू करायचं याची यादी) गाडी अडली. ती चालू विंडोजने उघडून धरलेली असते, त्यामुळे हलली नाही. शिफ्ट-डिलीट वापरलं होतं, रीसायकल बिनमध्ये कचरा साठतो म्हणून.

आणि त्या संध्याकाळी काहीच झालं नाही. अण्णा पुढे रात्रीपर्यंत पत्ते खेळले त्यावर. बूटएमजीआर लागते ती फक्त सुरू होताना, काही सेकंद. एकदा विंडोज उभं राहिलं की तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. म्हणून कारण आणि परिणाम यांच्यात एक अख्खी रात्र गेली आणि 'आज हात लावला नाही' हे शपथेवर सांगता आलं. असा फोन आला तर 'आत्ता काय केलंत' हे विचारण्यात अर्थ नाही. मागच्या वेळी सुरू झाल्यापासून काय काय काढलं, ते विचारावं.

आता त्या मजकुराकडे येऊ. अशा वेळी मी आधी बघते ते हे, की तक्रार करतंय कोण.

जुन्या पद्धतीच्या बायोसवर, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताच सगळ्यात आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमवर, सुरुवात अशी होते. बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो, तो एमबीआर. एमबीआर डिस्कच्या चार भागांपैकी (पार्टिशनपैकी) कोणतं 'ॲक्टिव्ह' आहे ते बघतो आणि त्याचा बूट सेक्टर, म्हणजे त्या पार्टिशनचा पहिला तुकडा, उचलतो. बूट सेक्टर त्या पार्टिशनवर बूटएमजीआर शोधतो. बूटएमजीआर बीसीडी वाचून विनलोड हा प्रोग्रॅम उठवतो, विनलोड कर्नल (विंडोजचा गाभा), हाल डॉट डीएलएल (हार्डवेअरशी बोलणारी फाइल) आणि रजिस्ट्रीची, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्याची, सिस्टम फाइल मेमरीत आणतो, आणि तिथून पुढे विंडोज. प्रत्येक जण फक्त आपल्या पुढच्याला ओळखतो. त्यामुळे एखादा गायब असेल तर तक्रार त्याच्या आधीचा करतो. 'घरात कोणी नाही' असा शेरा मारून पाकीट परत आणणारा पोस्टमन स्वतः तर धडधाकट असतो ना!

म्हणजे 'बूटएमजीआर इज मिसिंग' हे बूट सेक्टर बोलतोय. अर्थात बायोस ठीक, डिस्क वाचता येते, एमबीआर ठीक, ॲक्टिव्ह पार्टिशन सापडलं, बूट सेक्टर ठीक. फक्त एक फाइल नाही. अण्णा फोनवर "डिस्क गेली वाटतं, फोटो गेले" म्हणत होते तेव्हा तो मजकूर उलट हेच सांगत होता की डिस्क गेलेली नाही.

हाच न्याय बाकीच्या मजकुरांनाही लागतो. एक्सपीच्या काळात बूटएमजीआरचं काम एनटीएलडीआर करायचा, आणि 'एनटीएलडीआर इज मिसिंग' हे तिथला बूट सेक्टर म्हणायचा. 'हाल डॉट डीएलएल मिसिंग ऑर करप्ट' हे एनटीएलडीआर म्हणायचा, आणि पुष्कळदा हाल जागेवरच असायची. बूट डॉट आयएनआयमध्ये पत्ता चुकलेला असल्याने तो भलत्याच पार्टिशनवर शोधत असायचा. विनलोड नाही म्हणणारा बूटएमजीआर. आणि निळा पडदा आला तर बोलणारा थेट कर्नल असतो, म्हणजे गाडी बरीच पुढे गेलेली असते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभर निळे पडदे आले, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रांवर. तिथे कर्नल सुरू झाला होता, फक्त एक ड्रायव्हर चुकीचा डेटा वाचून कोसळत होता. म्हणून सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर्समधल्या फोल्डरातली एक फाइल काढली की यंत्र उठत होतं. सिस्टीमच्या फोल्डरातली फाइल डिलीट करणं हीच दुरुस्ती! अण्णांना मी हे सांगितलेलं नाही.

अशा वेळी नेटवर हमखास मिळणारं औषध म्हणजे बूटरेक या दुरुस्तीच्या कमांडची त्रिसूत्री: फिक्सएमबीआर, फिक्सबूट, रीबिल्डबीसीडी. लोक अर्थ न बघता तिन्ही मारतात. पण फिक्सएमबीआर एमबीआर नव्याने लिहितं, फिक्सबूट बूट सेक्टर लिहितं, रीबिल्डबीसीडी यादी बांधतं. यातलं एकही बूटएमजीआर ही फाइल परत आणून ठेवत नाही. जे दोघे चांगले आहेत त्यांच्यावरच शस्त्रक्रिया करायची आणि हरवलेला हरवलेलाच. त्या फाइलसाठी वेगळा कमांड आहे, बीसीडीबूट. आणि गंमत म्हणजे बूटएमजीआरची प्रत सीवर विंडोजच्या पोटातच असते, बूट फोल्डरातल्या पीसीएटी नावाच्या फोल्डरात. बीसीडीबूट तीच उचलून योग्य जागी ठेवतं आणि बीसीडीही तयार करून देतं.

याच कारणाने मी काढलेली फाइल 'रिकव्हर' करायच्या भानगडीत पडले नाही. फाइल काढली तरी एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइल्स ठेवायची पद्धत, फक्त तिची नोंद मोकळी झाल्याचं लिहून ठेवते. जुन्या फिरत्या डिस्कवर, त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तसाच असतो. परत मिळालीही असती. पण सिस्टीमची फाइल कितीही महत्त्वाची असली तरी जगातल्या लाखो यंत्रांवर तशीच्या तशी आहे. डीवरचे फोटो आणि अण्णांनी टाइप केलेली कुळाची वंशावळ मात्र एकाच ठिकाणी होती. भीती बाळगायची तर तिची. सुट्या डीएलएल (विंडोजच्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या फाइल्स) फुकट देणाऱ्या साइट्सकडे तर चुकूनही जाऊ नये. तिथली फाइल कोणत्या आवृत्तीची, ३२ बिटची की ६४ बिटची, आणि आत काय भरलेलं, देव जाणे. वर ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फाइल्स असतात आणि सिसवाव६४ मध्ये ३२ बिटच्या. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचंय.

प्रत्यक्ष काम असं केलं. आधी कॉम्प्युटर बंद करून जुन्या डिस्कची केबल काढली. दोन कारणं. एक म्हणजे, डीव्हीडीवरून उघडणाऱ्या दुरुस्तीच्या वातावरणात ड्राइव्हची अक्षरं बदलू शकतात. आपली सी तिथे डी होते, आणि घाईत भलत्याच डिस्कवर कमांड जातो. फोटो असलेली डिस्क जोडलेलीच नसेल तर तिचं काही बिघडायचा प्रश्न नाही. दुसरं म्हणजे, विंडोज ७ टाकताना जुनी डिस्क जोडलेली होती आणि तिच्यावर एक्सपीचं ॲक्टिव्ह पार्टिशन होतं, म्हणून सेटअपने बूटएमजीआर तिथे नेऊन ठेवली होती. विंडोज एका डिस्कवर आणि त्याचं दार दुसरीवर. मला ते दार एसएसडीवरच हवं होतं. याचसाठी आपोआप चालणारं स्टार्टअप रिपेअरही मी वापरलं नाही. दोन्ही डिस्क जोडून ते चालवलं असतं तर त्याने फाइल पुन्हा जुन्या डिस्कवरच ठेवली असती.

जुनी डिस्क काढून सुरू केलं तर मजकूर बदलला: 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. अण्णा म्हणाले, "अगं, आणखी बिघडलं." मी म्हटलं, "नाही अण्णा, आता दुसराच बोलतोय." हा बायोस होता. एसएसडीवर एकही पार्टिशन ॲक्टिव्ह नव्हतं, त्यामुळे एमबीआरने हात वर केले आणि बायोसला बोलावं लागलं.

विंडोज ७ ची डीव्हीडी घातली, 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' निवडलं. ऑपरेटिंग सिस्टीमची यादी रिकामी आली. बीसीडी काढून ठेवलेल्या डिस्कवरच राहिली म्हटल्यावर यादी भरणार कुठून? रिकाम्या यादीवरच नेक्स्ट दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला. आधी 'डीआयआर सी:' करून विंडोज आणि युजर्स हे फोल्डर दिसतात ना ते पाहिलं. मग पार्टिशन हाताळणाऱ्या डिस्कपार्टमध्ये सिलेक्ट डिस्क ०, सिलेक्ट पार्टिशन १, ॲक्टिव्ह, एक्झिट. नंतर बूट सेक्टर आणि एमबीआर लिहिणारं बूटसेक्ट /एनटी६० सी: /एमबीआर. या डिस्कवरून आजवर कधी सुरुवात झालेली नसल्याने इथे हे लिहून घेणं बरं. आणि शेवटी बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी:. एका ओळीत 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' असं उत्तर आलं. डीव्हीडी काढली, चालू केलं, विंडोजचा लोगो.

सगळ्यात जास्त वेळ डीव्हीडी शोधण्यात गेला, हेही सांगून ठेवते.

मग विंडोजच्या फाइल्स तपासणारं एसएफसी /स्कॅननाऊ चालवलं, सीवरही काही साफसफाई झाली असली तर कळावं म्हणून. सी शाबूत निघाली. सगळं बंद करून जुनी डिस्क पुन्हा जोडली, बायोसमध्ये एसएसडी पहिल्या क्रमांकावर आणली. फोटो आणि वंशावळ दोन्ही उघडून पाहिली आणि लगेच दुसरीकडे प्रत काढली.

आजच्या यूईएफआय यंत्रांवर, म्हणजे बायोसच्या जागी नवी पद्धत आलेल्या यंत्रांवर, हा मजकूर सहसा भेटणार नाही. तिथे एमबीआर-बूट सेक्टरची साखळीच नाही. छोटं फॅट३२ ईएफआय पार्टिशन असतं, त्याला अक्षर दिलेलं नसतं, त्यामुळे साफसफाई करणाऱ्याला ते दिसतही नाही. तरी ते बिघडलंच तर डिस्कपार्टने त्याला तात्पुरतं अक्षर द्यायचं, समजा एस, आणि बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय. डीव्हीडीच्या जागी दुरुस्तीचा पेनड्राइव्ह बनवायला दुसरा चालू कॉम्प्युटर आणि किमान ८ जीबीचा ड्राइव्ह लागतो. आणि डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर सीवर पोचण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती त्याच कॉम्प्युटरमध्ये साठवलेली असली की संपलं.

राइट क्लिकमधलं 'टेक ओनरशिप' मी काढून टाकलं. भाच्याला कळवलं तर म्हणाला, "आत्या, ते मी कधी घातलं होतं?" अण्णांचं खातं साध्या युजरचं करावं असं सुचवून पाहिलं, पण स्वतःच्या घरात परवानगी मागायची हे त्यांना मान्य नव्हतं, आणि मीही ताणलं नाही.

त्यांना हवी होती ती जागा, आणि बूटएमजीआर काढून मिळाले होते चारेकशे केबी. तेही डीवर, जिथे जागेची अडचणच नव्हती. अडचण छोट्या सीवर होती. मग ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /एच ऑफ टाकलं. हायबरनेट ते कधी वापरत नव्हते, आणि विंडोज ७ त्यासाठी रॅमच्या तीन चतुर्थांश एवढी हायबरफिल नावाची फाइल राखून ठेवतं. ४ जीबी रॅम, म्हणजे ३ जीबी एका ओळीत मोकळे. अण्णा प्रॉपर्टीज उघडून आकडा बघत बसले, आणि म्हणाले, "आणि हे विनएसएक्सएस काय आहे? फार मोठं दिसतंय." ते दिसतं तेवढं मोठं नसतं, या विंडोजच्या फोल्डरातल्या पुष्कळ फाइल्स हार्ड लिंकमुळे (एकाच फाइलची दोन ठिकाणी नावं) सिस्टम३२ मध्येही असतात आणि दोनदा मोजल्या जातात. हाताने त्यातलं काही काढायचं नाही, डिस्क क्लीनअपमधलं विंडोज अपडेट क्लीनअप जे काढेल तेवढंच. ते मी त्यांच्यासमोर चालवून दाखवलं.