पाकिटावरचा शिक्का

आमचं ऑफिस ऐरोलीला, पण शिफ्ट अमेरिकेच्या घड्याळावर. तिथे ज्यांची नोकरी सुटते, त्यांचा कंपनीचा आरोग्य विमा पुढे चालू ठेवण्याचं काम आमच्या प्रोसेसकडे आहे. 1986 सालचा कोब्रा नावाचा कायदा आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीतून बाहेर पडलात, तर साधारण 18 महिने तोच विमा ठेवता येतो. फक्त कंपनी भरायची तो वाटाही आता तुमच्या खिशातून, वर दोन टक्के कारभार खर्च.

त्या रात्री ओहायोहून एका बाईंचा फोन आला. नवऱ्याची गोदामातली नोकरी गेलेली, आणि आता तो हार्ट अटॅक येऊन आयसीयूत. हॉस्पिटलच्या काउंटरवर सांगितलं होतं, विमा बंद आहे. माझ्या स्क्रीनवरही तेच: मुदत संपली, फॉर्म उशिरा मिळाला. बाई म्हणाल्या, "मी स्वतः पोस्टात टाकलाय."

विमा चालू ठेवायचा की नाही, हे कळवायला 60 दिवस असतात. बरेच जण मुद्दाम शेवटपर्यंत थांबतात. काही झालं नाही तर पैसे वाचले. झालंच तर फॉर्म भरायचा, मागचे हप्ते चुकते करायचे, की विमा मधे कधी तुटलाच नव्हता असं धरलं जातं. नवीन पोरांना ही लबाडी वाटते. मला नाही वाटत. कायद्यानेच दिलेली सवड आहे, आणि पगार थांबलेल्या माणसाने ती वापरली तर बिघडलं काय?

फॉर्मचं स्कॅन उघडलं. सिस्टिममध्ये टाकलेली तारीख तिकडच्या मेलरूमला टपाल मिळाल्याची होती. पण नियमाने धरायची ती पोस्टात टाकल्याची. स्कॅनचं शेवटचं पान म्हणजे रिकामं पाकीट, जे सहसा कोणी उघडून बघत नाही. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा बाहेर, शाई पसरलेली. झूम करून पाहिलं तर तारीख नेमकी मुदतीच्या शेवटच्या दिवसाची. पाकिटाचं पान जोडून तिकडच्या सुपरवायझरला पाठवलं, आणि शिफ्ट संपायच्या आत फाईल पुन्हा उघडली गेली.

बाईंना फोन करून सांगितलं, फॉर्म पोस्टात टाकल्यापासून 45 दिवसांत पहिला भरणा आलाच पाहिजे, तोही नोकरी सुटल्यापासूनचा सगळा. महिन्याला दोन हजार डॉलरच्या आसपास. "पगारातून तर एवढे कापत नव्हते," त्या म्हणाल्या. बाकीचे कंपनी भरत होती, हे तिथेही नोकरी सुटल्यावरच कळतं.

शेजारच्या डेस्कवरच्या ताई हे सगळं ऐकत होत्या. त्या नोटीस पिरियडवर. सासऱ्यांचं ठाण्यात डायलिसिस चालू, तेही आमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर. चहाला गेलो तेव्हा म्हणाल्या, "आपल्याकडे आहेत का रे असे साठ दिवस?"

नाहीत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशी कार्ड बंद होतं. महिन्याचा पगार 21,000 च्या आत असता तर ईएसआयसीने, म्हणजे कमी पगारवाल्यांच्या सरकारी विम्याने, लाभाचा कालावधी संपेपर्यंत उपचार दिले असते. आम्ही त्यात बसत नाही.

एक वाट आहे: त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन, म्हणजे ग्रुपमधून तिकडे बदलून जाणं. जुन्या आजारांसाठी थांबावं लागतं, 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने. त्यातून ग्रुप पॉलिसीत काढलेला काळ वजा होतो. पण विमा कंपनी तब्येत तपासते आणि नाही म्हणू शकते. डायलिसिसवरच्या माणसाला ती काय म्हणेल, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही. अर्ज मात्र नोकरीत असतानाच करायचा, एवढं मी त्यांना बजावलं.

एचआरचं उत्तर आलं, "विमा शेवटच्या दिवसापर्यंत आहेच, घाई कसली?" ताईंनी पुन्हा मेल टाकून पॉलिसी नंबर आणि क्लेमचा तपशील मागून घेतला. विमा कंपनीने आता सासऱ्यांचे रिपोर्ट मागवलेत. ताईंनी मॅनेजरकडे महिनाअखेरपर्यंत नोकरीत थांबायची परवानगी मागितली. रात्रपाळीला माणसं कमी असल्याने ती लगेच मिळाली.