ब्रिजखाली कागद सरकला

संध्याकाळी सातला कार्यक्रम आणि सकाळी अकराला गिटार माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर. "दादा, तारा फार वर आल्यात, नेक तेवढी सरळ करून द्या."

हा मुलगा जात्यावरच्या ओव्या 'डॅडगॅड'मध्ये वाजवतो: डी-ए-डी-जी-ए-डी, म्हणजे सा-प-सा-म-प-सा. गंधार नाहीच, त्यामुळे मोकळ्या तारा तंबोऱ्यासारख्या घुमतात. डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश वादकाने 1960च्या दशकात हे ट्यूनिंग रूढ केलं. आपल्या कानाला ते परकं वाटत नाही.

बाराव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीवर, जाड तार 3.6 मिमी वर होती. 2.4च्या आसपास हवी. पण नेकचा, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याचा, बाक सातव्या फ्रेटपाशी 0.2 मिमी, अगदी हवा तसा. अशा वेळी ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक बदलणारी सळई) पिळला तर दुखणं राहतं तिथेच, वर तारा खरखरायला लागतात. मग पातळ कागद ब्रिजच्या, म्हणजे तारा अडकवायच्या, वरच्या फळीवर चिकटवलेल्या लाकडी पट्टीच्या, मागच्या कडेखाली घातला. 4 मिमी आत गेला, म्हणजे ब्रिज फळीपासून सुटत होता.

विचारल्यावर कळलं, मे महिन्यात गिटार दुपारभर उन्हात बंद गाडीत होती. लाकडाचा नेहमीचा पिवळा गोंद 60 अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो, आणि 12-53च्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) तारांची ओढ नेहमीच्या ट्यूनिंगला सुमारे 73 किलो, डॅडगॅडमध्ये 67.

"फटीत सुपरग्लू सोडा ना." नाही. जुन्या गोंदाच्या थरावर नवा धरत नाही, आणि पुढे ब्रिज काढताना वरच्या फळीच्या स्प्रूस लाकडाचे तंतू उपटून येतात. त्या दिवसापुरती वाट एकच होती: सगळ्या तारा आणखी एक स्वर खाली आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा). पट्टी तीच, ओढ 53 किलोंवर. तारा सैल झाल्या की नेक मागे जाते, म्हणून ट्रस रॉड पाव फेरा सैल केला. जोरात स्ट्रमिंग करायचं नाही, असं बजावून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ब्रिज तापवून, पातळ पात्याने हळूहळू सोडवला. खरी गोम तेव्हा दिसली. कडेला सगळीकडून 2 मिमीची लॅकरची (चकचकीत लेपाची) पट्टी तशीच ठेवून वर ब्रिज चिकटवलेला! लॅकरवर गोंद धरत नाही, म्हणजे सर्वात जास्त ओढ बसते ती मागची कडच मुळात कोरडी. उन्हाने फक्त निमित्त दिलं.

धारदार पात्याने रेघ मारून लॅकर लाकडापर्यंत खरवडलं. वरच्या फळीला थोडं पोक आलं होतं, त्याला बसेल असा शिसवी ब्रिजचा तळ घासला. आधी गोंदाशिवाय क्लॅम्प लावून पाहिले; गोंद लावल्यावर हातात पाचेक मिनिटंच असतात, तेव्हा पाचर शोधत बसता येत नाही. साउंडहोलमधून (फळीच्या मधल्या गोल भोकातून) तीन क्लॅम्प, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला, आणि 24 तास हात लावला नाही. बारा तासांनी "झाली का?" असा फोन आला. उचलला नाही.

तारा चढवल्यावर जाड तार 2.5 मिमी. सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासायची वेळच आली नाही.