आर्टी-फार्टी: हा शब्द आला कुठून?

'आर्टी-फार्टी'चा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही, नुसत्या सुरावरून कळतं की कुणाची तरी खिल्ली चाललीय. कलेतलं फार कळतं असा आव आणणारा माणूस, किंवा मुद्दाम कुणाला समजू नये म्हणूनच काढलाय की काय असं वाटणारा पिक्चर, त्यांच्यासाठी हा शब्द. ब्रिटिश लोक आर्टी-फार्टी म्हणतात, अमेरिकन आर्ट्सी-फार्ट्सी.

आधी नुसतं 'आर्टी' आलं, १९०० च्या आसपास. म्हणजे कला नव्हे, कलेचा आव. त्याच सुमारास 'आर्टी-क्राफ्टी' पण आलं आणि मला तर तीच गोष्ट जास्त भारी वाटते. इंग्लंडमध्ये तेव्हा आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळ जोरात होती, हे नाव १८८७ मध्ये कॉब्डन-सँडरसन नावाच्या बुकबाइंडरने सुचवलेलं, आणि तिच्यातला सगळ्यात मोठा माणूस विल्यम मॉरिस. कारखान्यातला भिकार माल नको, हाताने नीट घडवलेल्या वस्तू हव्यात असं त्यांचं म्हणणं, पण हाताने करायचं म्हणजे वेळ जाणार, मजुरी वाढणार, आणि शेवटी त्या वस्तू जाणार श्रीमंतांच्याच घरी, आणि मॉरिस तर पक्का समाजवादी! मग हातमागाचे कपडे आणि ओबडधोबड भांडी मिरवणारे लोक आर्टी-क्राफ्टी ठरले. साधेपणाचाच शो म्हणा ना.

'फार्टी' बरंच नंतरचं, साधारण १९६० च्या दशकापासून दिसतं. फार्ट म्हणजे सरळ सरळ पादणं, उगाच सभ्य शब्द शोधत बसू नका. आपणही 'कला-बिला', 'कविता-बिविता' म्हणतोच की, पण आपल्या 'बि'ला स्वतःचा काही अर्थ नसतो, तो फक्त हात झटकल्यासारखा येतो. इंग्रजीत मात्र आर्टला यमक जुळलं तेच नेमकं असं निघालं, पोकळ हवा आणि वर वास, आता ह्याहून चपखल टीका कुठला समीक्षक करणार?

माझी तक्रार एवढीच की हा शब्द ढोंग्यांपुरता राहत नाही. कुणी मनापासून काही वेगळं करायला गेलं, आणि ते आपल्याला झेपलं नाही, तरी हेच लेबल चिकटवून मोकळे. त्यामुळे काही कलाकार आता स्वतःच आधी सांगून टाकतात, 'जरा आर्टी-फार्टी आहे हं', म्हणजे समोरच्याला बोलायला काही उरतच नाही.