मालेत नळ गेला त्या दिवशीची सिटी टूर

मी मूळचा देवगडचा. 2012 ते 2016 मालदीवच्या राजधानीत, मालेत, एका ट्रॅव्हल ऑफिसमध्ये होतो, काम म्हणजे इंडियन गेस्ट सांभाळणं. विमानतळावर बोर्ड घेऊन उभं राहायचं, स्पीडबोटीत बसवून द्यायचं, कुणाची बॅग राहिली, कुणाला व्हेज मिळेना, ते बघायचं, आणि ज्यांनी पॅकेजात घेतली असेल त्यांना माले शहराची हाफ डे टूर करवायची. तसं बघायला गेलं तर बहुतेक लोक माले बघतच नाहीत, विमानतळ वेगळ्याच बेटावर आहे, हुळुलेला, तिथूनच डायरेक्ट रिसॉर्टला जातात. बोटीतून लांबून शहर दिसतं ते कुणीतरी बिल्डिंगांचं गाठोडं बांधून समुद्रात ठेवल्यासारखं. जेमतेम दोन चौरस किलोमीटर जागा आणि तेव्हाच लाखाच्या वर माणसं. आता 2018 पासून विमानतळापर्यंत पूल झालाय, तेव्हा फेरीनं दहा मिनिटं लागायची.

सांगतोय ती गोष्ट 5 डिसेंबर 2014 ची, शुक्रवारची. आदल्या दिवशी शहराला पाणी पुरवणाऱ्या प्लांटला आग लागली. मालेत नदी नाही, तलाव नाही, समुद्राचं पाणी गोडं करून तेच नळाला येतं, तो प्लांट बंद पडला की विषय संपला. संध्याकाळी माझा रूममेट, केरळचा अकाउंटंट, धावत वर आला आणि पहिलं काय केलं असेल तर बाथरूममधली बादली नळाखाली लावली. पाऊण बादली भरली आणि नळातून नुसती हवा यायला लागली. खाली दुकानात गेलो तर पाण्याच्या बाटल्यांचं शेल्फ रिकामं, लोक ज्यूसचे डबे उचलत होते.

सकाळी सातला ऑफिसात फोन केला की आजची टूर रद्द करा, शहरात पाणी नाहीये. तर म्हणे रिसॉर्टवर सगळं नॉर्मल आहे, गेस्ट तयार होऊन बसलेत, पैसे भरलेत, टूर होणार. रिसॉर्टवर नॉर्मल असणारच, प्रत्येक रिसॉर्ट म्हणजे स्वतंत्र बेट आणि प्रत्येकाचा स्वतःचा प्लांट. मला राग आला होता, खरं सांगतो. मग मी रिसॉर्टच्या डेस्कला फोन लावला आणि म्हटलं बाकी काही नको, बोटीत पाण्याचे दोन बॉक्स ठेवा, दीड लिटरवाले. त्यांनी ठेवले, चोवीस बाटल्या.

नऊ जण होते, तीन कुटुंबं, सगळी मराठी. दोन पुण्याची आणि एक लातूरकडचं, नवराबायको, त्यांचा सहावी-सातवीतला मुलगा आणि आजी. आजी नऊवारीत, पायात स्पोर्ट शूज, सुनेनं घेऊन दिलेले. उतरल्या उतरल्या मी जेट्टीवरच सगळ्यांना सांगून टाकलं की असं असं झालंय, शहरात पाणी नाही, बाटल्या जपून वापरा, दुकानात मिळणार नाही. एक काका म्हणाले, अरे मग आणलंस कशाला. मी काय सांगणार. आजी मात्र काही बोलल्या नाहीत, त्यांनी हातातली उघडी बाटली घट्ट बंद केली आणि पिशवीत तळाशी ठेवली.

मग फिरलो. जम्हूरी मैदान, तिथलं मोठं निशाण आणि कबुतरं. मासळी बाजार, तिथं रोजच्यासारखे हातभर लांबीचे टूना पडलेले, कापणारा माणूस काही सेकंदांत सोलून मोकळा होतो आणि गेस्ट व्हिडिओ काढतात. त्या दिवशी ते लोक दोऱ्या लावलेल्या बादल्यांनी धक्क्यावरून समुद्राचंच पाणी ओढत होते आणि फरशीवर मारत होते, त्यांचं काम काही अडलं नव्हतं. रस्त्यावर मात्र दुकानांसमोर रांगा, सरकारकडून फुकट बाटल्या वाटणं चाललं होतं तिथं तर गल्ली भरून लोक. मोटरसायकलवर पुढं पोरगं, मागं बायको आणि मधे रिकामे कॅन. आवाज चढत होते. एक बांगलादेशी मजूर, बांधकामावरचा असणार, भिंतीला टेकून उभा होता, रांगेत पण नव्हता, हातात रंगाची रिकामी बादली. मी त्या बादलीकडे बघितलं आणि पुढं गेलो, नऊ जण माझ्यामागं होते. ते मला अजून आठवतं.

हुकुरू मिस्कीला पोचलो, म्हणजे जुनी शुक्रवारची मशीद, 1658 ची. ही मला मालेत सगळ्यात जास्त आवडायची जागा. पूर्ण पोवळ्याच्या दगडाची, समुद्रातून काढलेलं पोवळं चिरून, त्याच्यावर बारीक कोरीव काम करून, एकात एक खाचे बसवून बांधलेली. बाहेरूनच दाखवायचो आम्ही, आत जायला परमिशन लागायची. समोरच मुलिआगे, राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, पांढरं आणि निळं. मी आपलं नेहमीचं सांगत होतो, पोवळं कसं कापायचे वगैरे, आणि लातूरची सून हळूच जवळ आली आणि म्हणाली, दादा, सासूबाईंना वॉशरूमला जायचंय.

टूरवाल्याला विचारा, सगळ्यात मोठा प्रश्न हाच असतो. नेहमीच्या दिवशी एक ओळखीचं कॅफे होतं तिथं मी न्यायचो, तिथं फोन केला तर त्यांनी टॉयलेटला कुलूप लावलेलं. दुसरीकडे केला, तेच. त्यात शुक्रवार, अकरा वाजत आलेले, थोड्या वेळात नमाजासाठी सगळं बंद होणार. आजी सत्तरीच्या पुढच्या, डायबिटीसच्या गोळ्या चालू. मग मी काही विचार केला नाही, सरळ म्हटलं, माझ्या रूमवर चला.

माझी रूम हेन्वेरूला, पाच मिनिटं चालत. मालेत घरांना नंबरापेक्षा नावंच चालतात, आमच्या घराच्या नावात गुलाब होता आणि आसपास कुठं झाडाचं पान नव्हतं. चौथा मजला, जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं वळणावर थांबायचं. आजींना मी आणि त्यांच्या मुलानं धरून वर नेलं. बाथरूमची बादली दाखवली. रूममेटनं रात्रीत त्याच्यातलं एक मगभर पण वापरलं नव्हतं, तोंड त्यानं ओल्या फडक्यानं पुसलं होतं. आजी आत जाऊन आल्या आणि मी नंतर बघितलं, बादली जेवढी होती जवळजवळ तेवढीच. एक तांब्याभर गेलं असेल. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, "ही बादली संपल्यावर तुम्ही पोरं काय करणार?" मी म्हटलं बघू, येईल. त्या म्हणाल्या, "येईल येईल म्हणून आमचं गाव बसलंय बाबा, यंदा दिवाळीलाच विहिरीचा तळ दिसायलाय."

खाली उतरलो तर मालकीणबाई अंगणात. अंगण म्हणजे काय, तीन बाजूंनी भिंती आणि वर आभाळाचा चौकोन. त्यांना मी दैता म्हणायचो, मोठ्या बाईला आपण मावशी म्हणतो तसं. दैता आणि त्यांचा भाचा पहार घालून एक सिमेंटची लादी सरकवत होते. दोन वर्षं मी त्या लादीवर चप्पल काढत होतो, खाली काय आहे कधी विचारलं नव्हतं. खाली विहीर होती.

पूर्वी मालेत घरोघर विहिरी होत्या. पावसाचं पाणी वाळूतून मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर साय धरल्यासारखं गोडं पाणी तरंगतं, त्याच्यावरच हे बेट शेकडो वर्षं जगलं. मग माणसं वाढली, उपसा वाढला, साय संपली आणि खालचं खारं वर आलं. म्हणून तर समुद्राचं पाणी गाळून प्यायची पाळी आली. हे मी टूरमध्ये एका वाक्यात सांगायचो, ते पण कुणी विचारलं तर.

आजी सरळ विहिरीच्या काठाला गेल्या आणि वाकून बघितलं. पाणी पुरुषभर पण खोल नव्हतं. "अगं बाई," त्या सुनेला म्हणाल्या, "हे तर हाताला लागायलंय की!" त्यांच्याकडं साठ फूट विहीर आणि वर बोअर, मुलगा सांगत होता, आणि इथं खाली बसून हात घातला तर बोटं भिजतील इतक्यावर पाणी. दैतांनी भिंतीवरून दानी काढली, म्हणजे लांब काठीच्या टोकाला डबा लावलेला असतो, मोठ्या पळीसारखा, इथं दोरी-पोहरा लागतच नाही. डबा गंजलेला होता. आजींनी त्यांच्या हातातून ती काठी घेतली, विचारलं पण नाही, पहिल्यांदा पाण्यावरचा कचरा डब्यानं बाजूला सारला, मग डबा उलटा घालून खालचं पाणी घेतलं आणि ओंजळीत ओतून तोंडाजवळ नेलं.

दैता ओरडल्या, "लोनु फेन! लोनु फेन!"

तोपर्यंत आजींच्या जिभेला लागलं होतं. थू केलं. म्हणाल्या, "खारट हाय."

मी सांगितलं की फेन म्हणजे पाणी आणि लोनु म्हणजे मीठ. त्यांच्या भाषेत आपला प बऱ्याच ठिकाणी फ होतो, पाणीचं फेन, पाचला फस म्हणतात. रस्त्याला मगू म्हणतात, मजीदी मगू वगैरे, तो आपला मार्ग. आजींनी ऐकलं आणि लगेच म्हणाल्या, "लोनु म्हणजे लोणच्यातलं लोण का?" मी दोन वर्षं ती भाषा बोलत होतो, माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. दैतांना मी कसंबसं समजावलं की ही बाई म्हणते तुमचं मीठ आणि आमचं लोणचं एकच आहे. त्या हसल्या आणि आजींचा हात धरून ठेवला.

मग अर्धा तास आम्ही तिथंच. टूर राहिली बाजूला, नॅशनल म्युझियम शुक्रवारी तसंही बंद असतं, राहिलं होतं फक्त त्सुनामीचं स्मारक आणि दक्षिणेकडची भिंत. आजी काठी सोडेनात. त्या पाणी काढत होत्या, भाचा बादल्या भरून जिन्यात नेऊन ठेवत होता, प्रत्येक मजल्यावर दोन, टॉयलेटला टाकायला. पिण्याचं नसलं तरी तेवढं नळाचं वाचलं. पुण्याच्या काकांनी, सकाळी मला झापलेल्या, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत चार खेपा मारल्या. सहावीतला पोरगा दानीनं पाणी काढायला शिकला. वास यायचा त्या पाण्याला, साचलेला, पण आजी म्हणाल्या पन्नास-साठ बादल्या उपसा, मग निवळेल, झाकून ठेवलेली विहीर अशीच वागते. आणि तसंच झालं, दुपारपर्यंत पाणी बऱ्यापैकी स्वच्छ यायला लागलं. खारट ते खारटच.

जाताना भिंत दाखवली, धावतपळत. मरीन ड्राइव्हला असतात तसे टेट्रापॉड, 1987 साली लाटा शहरात घुसल्या त्यानंतर जपानच्या मदतीनं टाकलेले, 2004 च्या त्सुनामीत माले वाचलं त्यात त्यांचा मोठा वाटा. पण कुणाचं लक्ष नव्हतं. मुंबईला राहिलेले एक जण नुसतं म्हणाले, सेम आहेत. जेट्टीवर बोटीत चढताना आजींनी सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या. बारा बाटल्या सीलबंद निघाल्या, त्या माझ्या हवाली केल्या. स्वतःची अर्धी प्यायलेली पण दिली. मी म्हटलं आजी ही ठेवा, बोटीत लागेल, पाऊण तास आहे. तर म्हणाल्या, "आमच्या हाटेलात नळ हाय."

परत येताना मी मुद्दाम सकाळच्या त्या गल्लीतून आलो. तो मजूर नव्हता तिथं. दुसरे दोघं होते तशाच बादल्या घेऊन, त्यांना चार बाटल्या दिल्या. बाकीच्या घरी, दैतांना, त्यांनी मजल्यांवर वाटल्या, आमच्या रूमला दोन आल्या.

त्या दिवसापासून भारतातून विमानानं पाणी यायला लागलं आणि संध्याकाळी आपल्या नेव्हीचं आयएनएस सुकन्या आलं, 35 टन पाणी आणि जहाजावर समुद्राचं पाणी गोडं करायची यंत्रं. रविवारी दीपक आलं, ते तर टँकरच. कामावर जाता येता अनोळखी माणसं मला थांबवून इंडिया, इंडिया म्हणून हात मिळवायची, मी काहीच केलेलं नसताना. नळ सुरळीत व्हायला त्यानंतरही दिवस गेले.

विहिरीवर दैतांनी परत सिमेंटची लादी घातली नाही. लाकडी झाकण करून घेतलं आणि दानीला नवा डबा. मी पण टूर बदलली, मशिदीनंतर गेस्टना त्या अंगणात नेऊन झाकण उघडायला लागलो, दैतांना विचारून, आणि प्रत्येकाला वाकून बघायला लावायचो. बोट बुडवून चव बघितल्याशिवाय कुणाला खरं वाटायचं नाही.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, ते फोटो मला घरच्या ग्रुपवर आले. मी खाली जाऊन दैतांना दाखवले. त्यांनी आयुष्यात रेल्वे बघितलेली नाही, मालदीवमध्ये रेल्वेच नाही. फोन जवळ धरून डबे बघितले, लांबच लांब. त्या आजीचं गाव? मी म्हटलं, हो, तिकडचंच. त्यांनी डब्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "फेन?"

मी म्हटलं, "फेन."