जुन्या गिअरबॉक्सचे सुटे भाग जुळवताना

अभिजात गाडीचा गिअरबॉक्स सुट्या भागांच्या रूपाने हाती येतो, तेव्हा काय गहाळ आहे यापेक्षा काय भलतेच आले आहे हे शोधणे अधिक कठीण असते. गहाळ भाग मॅन्युअलमधील आकृतीशी ताडला की कळतो. दुसऱ्या गिअरबॉक्समधला भाग मात्र अनेकदा सहज बसतो. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचेच पाहा: १९६७ पर्यंत तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर बदलताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी यंत्रणा) नव्हता, पुढे तो चारही गिअरना मिळाला. म्हणजे नाव एकच असले तरी गिअरबॉक्स दोन वेगळे.

म्हणून केवळ आवरणावरच्या ओतीव क्रमांकावर विसंबू नये, दात मोजावेत. दातांचे गुणोत्तर मॅन्युअलशी जुळले तरी तिरकस दातांचा कोन वेगळा असू शकतो, आणि मग दात पूर्ण रुंदीने न टेकता कडेवरच घासतात, आवाज करतात व लवकर झिजतात. जोडीतले एक चाक निकामी असेल, तर माझ्या मते जोडीच बदलावी, मग खर्च वाढला तरी चालेल.

इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची गती गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) खाचा क्लचप्लेटशी लगेच ताडाव्यात. सिंक्रोमेशमधली पितळी सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर दाबून मधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाने) मोजावी. फट मॅन्युअलमधील किमान मापापेक्षा कमी असेल, तर रिंग कितीही चकचकीत दिसली तरी ती बाद समजावी. शिमची (फट भरणाऱ्या पातळ चकतीची) जाडी मात्र सर्वांत शेवटी ठरवावी, कारण बेअरिंग किंवा चाक बदलले की शाफ्टची लांबीच्या दिशेतील हालचालही बदलते.