पाटोडी मागवा, मग बोलू

नागपुरात बदलीवर कुणी नवीन आलं की आठवडाभरात आमच्या ऑफिसात प्रश्न येतो, "मॅडम, चांगलं सावजी कुठे मिळतं?" आणि लगेच पुढे, "पण फार तिखट नको हं." हे दुसरं वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. डोळ्यांतून पाणी काढणारं जेवण एवढीच सावजीची ओळख होऊन बसली आहे. पैजा लावून मटण खातात, नाक ओढतानाचे व्हिडिओ टाकतात. इतवारी, महाल, पाचपावली, गोळीबार चौक, सक्करदरा या भागांतल्या खानावळी मी बरीच वर्षं पालथ्या घालते आहे. त्या जोरावर सांगते, सावजी कळून घ्यायचं असेल तर पहिल्या खेपेला मटण मागवूच नका. पाटोडी-रस्सा मागवा.

मटणाचा रस्सा स्वयंपाक्याला सांभाळून घेतो. हाडांचा, चरबीचा अर्क उतरतो, तासभर शिजताना मसाल्यातला कच्चेपणा निघून जातो. मसाला जेमतेम असला तरी रस्सा जेवण्यासारखा होतो. पाटोडी म्हणजे शिजवून थापलेल्या बेसनाची वडी. ती रश्श्याला स्वतःचं काही देत नाही, उलट त्यातलंच शोषून घेते. वड्या वाढायच्या वेळी रश्श्यात सोडतात, त्यामुळे जी काही चव असेल ती निव्वळ मसाल्याची. खसखस नीट भाजली नसेल, खोबरं करपलं असेल, धने कच्चे राहिले असतील तर पहिल्याच घासाला कळतं. लपायला जागा नाही.

चांगल्या सावजी रश्श्याचा रंग लाल नसतो. तपकिरीकडून काळ्याकडे झुकलेला असतो, कारण रंग मिरचीतून नव्हे, भाजण्यातून येतो. धने, शहाजिरे, दगडफूल, मसाला वेलची, जायपत्री, काळी मिरी, सुकं खोबरं, खसखस असं बरंच काही वेगवेगळं भाजलं जातं. दाटपणासाठी काही घरी भाजलेली ज्वारीही वाटतात. पूर्वी हे सगळं जवसाच्या तेलात व्हायचं. आता जवसाचं तेल वापरणारी खानावळ शोधावी लागते, पण सापडली की वास दारातच कळतो. जिभेला आधी मिरची लागते आणि घास उतरल्यावर घशाशी मिरी येते. मला आवडतो तो हा दुसरा तिखटपणा. तो उशिरा येतो आणि पाणी प्यायलं तरी जात नाही.

हे जेवण हलबा कोष्टी समाजाचं, विणकरांचं. नागपुरी लुगडी विणणारी ही माणसं. यंत्रमाग आले, हातमागावरचं पोट भरेनासं झालं. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली एम्प्रेस मिलसुद्धा पुढे बंद पडली. माग थांबले तशी कितीतरी घरांनी पुढच्या खोलीत बाकं टाकली आणि घरातलंच जेवण विकायला सुरुवात केली. म्हणून जुन्या खानावळींत अजूनही घरात शिरल्यासारखं वाटतं. भिंतीवर देवाचा फोटो, शेजारी आजोबांचा, आणि पडद्यामागे मसाला परतणारी घरातली बाई. गल्ल्यावर बसलेल्या भावाचं नाव पाटीवर असतं, पण चव तिच्या हातची असते. मसाल्याचं प्रमाण ती कुणाला सांगत नाही, आणि तो तिचा हक्कच आहे असं मला वाटतं.

पूर्वी या जागांवर बायका फारशा दिसायच्या नाहीत. नणंद आणि मी रविवारी दुपारी जायला लागलो तेव्हा सगळी बाकं वळून बघायची. आता बऱ्याच ठिकाणी वरच्या मजल्यावर फॅमिलीची सोय झाली आहे. मला मात्र खालीच बसायला आवडतं, चुलीच्या जवळ.

गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत अशीच एक जागा आहे. तिथला वाढणारा मुलगा पहिल्यांदा म्हणाला, "ताई, पाटोडीच? मटण नाई घेत का?" म्हटलं, आधी पाटोडी आण, मग बघू. स्टीलच्या वाटीत रस्सा आला, वर बोटभर तर्री. चमच्यानं तर्री बाजूला केली तर खालचा रस्सा गुळगुळीत, कुठे कणी नाही. पाटोडीचा कोपरा भाकरीच्या तुकड्यानं दाबला, तो मोडला पण विरघळला नाही, आणि आत मधोमध रस्सा पोचला होता. नणंद तर्री खात नाही, तिनं ती सगळी माझ्या वाटीत ओतली. मुलगा न विचारता दुसऱ्यांदा रस्सा घेऊन आला. मग मटणही मागवलं, आणि ते अपेक्षेप्रमाणे उत्तम होतं.

पाटोडी जमली त्या घरचा डाळकांदाही घ्यावा. चण्याच्या डाळीचा दाणा अख्खा दिसला पाहिजे आणि दोन बोटांत दाबला की मऊ लागला पाहिजे. सोबत भाकरी. लांब पोळी मिळत असेल तर तीच. कणकेचा सैल गोळा हातावर झुलवत लांबवत न्यायचा आणि पालथ्या मडक्यावर टाकायचा, हे काम बघायला मी उभी राहते. कोपरापर्यंत पोळी लोंबत असते आणि फाटत नाही.

रिंग रोडकडे आता सावजीच्या नावाची चकचकीत एसी हॉटेलं झाली आहेत. एका ठिकाणी आमच्यापुढे लालभडक रस्सा आला, बोटाला रंग लागला, घशाशी मिरीचा पत्ता नाही. विचारलं तर म्हणे, "लोकांना असाच पायजे." लोकांनी दुसरा चाखलाच नसेल तर मागतील कुठून? त्यात बिल जुन्या खानावळीच्या दुपटीचं. राग पैशाचा नाही. ज्या घरांनी माग बंद पडल्यावर या मसाल्यावर संसार उभे केले, त्यांचं नाव असल्या रंगाच्या पाण्याला लावतात, याचा आहे.

तेव्हा नव्यानं आलेल्यांनो, दुपारी साडेबाराच्या सुमारास जा. तेव्हा रस्सा ताजा असतो आणि गर्दी व्हायची असते. मेचा महिना टाळा, पंचेचाळीस अंशात हे जेवण कुणालाच न्याय देत नाही. पावसाची झड लागलेला दिवस सगळ्यात चांगला. तर्री वेगळी मागा, लिंबू पिळू नका निदान पहिल्या चार घासांना. आणि पाटोडी आवडली नाही तर त्या घरी मटणासाठी थांबू नका, पैसे देऊन पुढची गल्ली गाठा. इतवारीत ती फार लांब नसते.