छोट्या बोटीवर दुर्बीण घेताय? मग मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका

परवा मित्राचा मेसेज आला, बोटीवर न्यायला दुर्बीण घेतोय, १२ पटवाली मिळतीये, घेऊन टाकू का? मी मेसेजला उत्तर न देता सरळ फोनच लावला, कारण टाइप करत बसलो असतो तर तोवर त्याने ऑर्डर देऊन टाकली असती. अर्धा पाऊण तास बोललो आम्ही, आणि मग वाटलं हे सगळं लिहूनच ठेवावं, कारण हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतोच.

माझी स्वतःची पहिली दुर्बीण १०×५० होती, म्हणजे १० पट मोठं दाखवणारी, ५० चं पुढे सांगतो. जमिनीवर काय सुंदर दिसायचं तिच्यातून! पण एकदा संध्याकाळी परत येताना, अंधारून आलेलं, बंदराच्या तोंडाशी बोया, म्हणजे खुणेसाठी पाण्यावर तरंगत ठेवलेला फ्लोट, दिसला आणि त्याच्यावरचा आकडा ६ आहे की ८ हे काही केल्या कळेना. आकडा दिसत होता, मोठाही दिसत होता, पण बोट हलतीये, मी हलतोय, आणि आकडा डोळ्यासमोरून नुसता वर-खाली पळतोय. सोबतच्या काकांनी त्यांची जुनी जाडजूड ७×५० माझ्या हातात दिली. चित्र लहान दिसलं, पण बऱ्यापैकी एका जागी राहिलं आणि उजळ दिसलं. ८ होता. त्या दिवशी डोक्यात जे बसलं ते आजपर्यंत आहे.

साधी गोष्ट आहे, दुर्बीण जेवढे पट मोठं दाखवते तेवढेच पट तुमच्या हाताची थरथर पण मोठी करते. हात अर्धा डिग्री हलला तर ७ पटात चित्र साडेतीन डिग्री सरकतं आणि १२ पटात सहा. जमिनीवर कठड्याला टेकून, श्वास रोखून चालवून घेता येतं, पण बोटीवर टेकायची वस्तूच हलत असते. शिवाय पट वाढले की एका वेळी दिसणारा भाग सहसा कमी होतो. ७×५० मध्ये साधारण ७ डिग्री दिसतं, म्हणजे एक किलोमीटरवर सव्वाशे मीटर रुंदीचा पट्टा. हेलकाव्यात तेवढी रुंदी असेल तरच हरवलेली वस्तू परत सापडते, नाहीतर नुसतं पाणी आणि आभाळ, पाणी आणि आभाळ.

आणि अजून एक, याचा विचार कोणी करतच नाही. छोट्या बोटीत उभे राहिलात तर डोळा पाण्यापासून दोन मीटरवर असेल नसेल, तिथून क्षितिज असतं जेमतेम पाच किलोमीटरवर. बसलात तर अजून जवळ. दीपस्तंभ, डोंगर, मोठ्या जहाजाचा वरचा भाग हे उंच असल्यामुळे त्याच्या पलीकडूनही दिसतात, पण बोया, जाळ्यांचे फ्लोट, लहान होड्या हे सगळं या पाच किलोमीटरच्या आतलंच काम आहे. तिथे १२ पट घेऊन करणार काय?

आता दुसरा आकडा, ५०. ही पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. तिला पटाने भागा, ५० भागिले ७ म्हणजे ७ पूर्णांक काहीतरी, एवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत मागून बाहेर पडतो, याला एक्झिट प्युपिल म्हणतात. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हणजे ७×५० मधला जवळजवळ सगळा प्रकाश डोळ्यात जातो. वय वाढलं की बाहुली तेवढी उघडत नाही, पाचच्या आसपास अडकते, मग लोक म्हणतात की आम्हाला ५० चा उपयोग काय. उपयोग आहे! झोत रुंद असला की हेलकाव्यात डोळा जरा इकडेतिकडे सरकला तरी चित्र काळं पडत नाही, आणि हे दिवसा पण लागू आहे. फार वजन झेपत नसेल, कायाकसारखी एकदम लहान होडी असेल, रात्री बाहेर पडायचंच नसेल, तर ७×३० किंवा ६×३० सुद्धा छान. पण अंधारात परत यायची शक्यता असेल तर ७×५० च घ्या, किलोभर वजन गळ्यात पडलं तरी.

फोकसचं पण बघा. पक्षी बघायच्या दुर्बिणीला मधे चाक असतं, सारखं फिरवायचं. बोटीसाठी दोन्ही डोळ्यांचा फोकस वेगवेगळा लावता येणारी बघा. एकदा दूरच्या वस्तूवर एकेक डोळा मिटून सेट केला की बऱ्याच जवळपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्टच दिसतं, चाक फिरवायची गरज नाही, आणि मधलं चाकच नसल्यामुळे पाणी आत शिरायला एक वाट कमी. मी माझ्या सेटिंगवर पांढऱ्या नेलपेंटचा बारीक ठिपका लावलाय दोन्हीकडे, कोणी फिरवलं तरी अंधारात टॉर्चच्या उजेडात परत जुळवता येतं.

वॉटरप्रूफ पाहिजेच, नुसती पाण्याचे शिंतोडे सहन करणारी नको. आत नायट्रोजन भरलेली घ्या म्हणजे आतून वाफ धरत नाही. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, किती ते विचारा, १५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर सोडून द्या, कडा कापल्या जातात. झूमवाली नको. ती लालभडक चमकणाऱ्या भिंगांची तर अजिबात नको, लाल प्रकाश आत जाण्याऐवजी बाहेर परत फेकला जातो म्हणून ती भिंगं लाल दिसतात, आणि समुद्रावर लाल आणि हिरवा दिवा यातला फरक ओळखणं हेच तर मुख्य काम!

आत होकायंत्र असलेली परवडत असेल तर नक्की घ्या, मी यावर तासभर बोलू शकतो. समोरून येणारं जहाज बघितलं, दिशा वाचली, दोन मिनिटांनी परत वाचली. दिशा तीच आणि जहाज जवळ येतंय, म्हणजे टक्कर होऊ शकते, समुद्रावर टक्कर टाळायच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सातवा नियम नेमकं हेच सांगतो. फक्त वाचताना इंजिन, स्पीकर, लोखंडी सामान यांच्यापासून लांब उभे राहा. काहींच्या आत बारीक खुणांची पट्टी पण असते. मनोऱ्याची उंची माहिती असेल, समजा २० मीटर, आणि तो १० खुणा उंच दिसला, तर २० गुणिले १००० भागिले १०, म्हणजे दोन किलोमीटर. एक खूण म्हणजे एक मिल, म्हणजे हजार मीटरवर एक मीटर उंची, असं असेल तर हे जमतं, बॅटरी नको, सिग्नल नको.

स्टॅबिलायझरवाल्या दुर्बिणी मी वापरून बघितल्यात, १२-१४ पटात सुद्धा चित्र खिळल्यासारखं उभं राहतं, खरंच भारी प्रकार आहे. पण बॅटरी संपली की हातात उरते ती साधी १२ पटवाली, म्हणून माझ्या मते ती दुसरी दुर्बीण म्हणून ठीक.

आणि घेतल्यावर कृपा करून शर्टाने पुसू नका. खारं पाणी वाळलं की भिंगावर मिठाचे कण बसतात, तिरप्या उन्हात बघा, पिठासारखे दिसतात, ते कोरडे घासले की कोटिंगवर ओरखडे आलेच. आधी गोडं पाणी ओता, मग मऊ कापड.

मित्राने ऑर्डर थांबवलीये. रविवारी माझी ७×५० त्याला देतोय, आणि तसलीच १२ पटवाली कोणाकडून तरी मागून आण म्हटलं, दोन्ही घेऊन अंधार पडेपर्यंत बोटीवर थांब आणि एकाच बोयाचा आकडा दोन्हीतून वाचून बघ.